शिकागोच्या युक्रेनियन व्हिलेजमधलं सेंट निकोलस कॅथेड्रल: जुने कागद कुठे मिळतील, आणि एवढ्याशा वस्तीत इतकी चर्च कशी?

पश्चिमवारा

शिकागोत वाचनगटासाठी युक्रेनियन व्हिलेजचा दीडेक तासाचा पायी फेरफटका आखायचा आहे. मुख्य ठिकाण सेंट निकोलस युक्रेनियन कॅथलिक कॅथेड्रल. सोबत चार पानांचं माहितीपत्रक द्यायचंय. ‘कीवच्या सेंट सोफियाच्या धर्तीवर, तेरा घुमट’ एवढं सगळीकडे मिळतं, त्याच्या पुढचं हवंय.

१. ओकली बुलेव्हार्डच्या आसपास दोन युक्रेनियन कॅथलिक चर्च, एक युक्रेनियन ऑर्थोडॉक्स आणि लेव्हिट स्ट्रीटवर ‘रशियन’ म्हणून ओळखलं जाणारं चौथं. सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. माणसं एकाच भागातून आली, मग एवढी चर्च कशाला?

२. स्थापनेच्या काळातले कागद कुठे बघायचे? जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘युक्रेनियन’ शोधलं तर पहिल्या महायुद्धाआधीचं जवळजवळ काहीच येत नाही.

३. बाहेरून आणि आतून नेमकं काय दाखवावं?

सिरिलिक अक्षरं लावता येतात, युक्रेनियन भाषा येत नाही.

---

दस्तऐवजी

पहिला प्रश्न आधी घेऊ, कारण त्यावरून बाकीचे कागद कोणत्या क्रमाने बघायचे ते ठरतं. या चारही चर्चांच्या मागे धर्मतत्त्वाचा वाद कमी आणि दोन रोकडे प्रश्न जास्त आहेत: जागा कुणाच्या नावावर, आणि बिशप कुणाचा?

इथे आलेले पहिले लोक ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यातल्या गॅलिशियातले आणि कार्पेथियन डोंगरपट्ट्यातले. बहुतेक ग्रीक कॅथलिक. १५९६ चा ब्रेस्टचा करार आणि त्यानंतरचे तसेच करार यांच्यापासून हे पोपला मानतात, पण उपासना ऑर्थोडॉक्सांसारखी बायझंटाइन पद्धतीची, भाषा चर्च स्लाव्हॉनिक (उपासनेपुरती जुनी स्लाव्ह भाषा), आणि लग्न झालेला माणूस पुरोहित होऊ शकतो. मराठी वाचकाला समजावताना कल्याणच्या सिरो-मलबार धर्मप्रांताचं (१९८८) उदाहरण द्या. रोमशी जोडलेला, तरी स्वतःचा बिशप आणि स्वतःची उपासनापद्धत असलेला. युक्रेनियन ग्रीक कॅथलिकांची व्यवस्थाही त्याच जातकुळीतली.

अमेरिकेतल्या लॅटिन, म्हणजे रोमन पद्धतीच्या कॅथलिक, बिशपांना हे पचलं नाही, विशेषतः लग्न झालेले पुरोहित. १८८९ मध्ये मिनियापोलिसचे ग्रीक कॅथलिक पुरोहित फादर अलेक्सिस टोथ आपली कागदपत्रं घेऊन आर्चबिशप जॉन आयर्लंड यांच्याकडे गेले. टोथ विधुर होते, तरी त्यांना मान्यता मिळाली नाही. १८९१ मध्ये ते रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि पुढच्या वर्षांत हजारो ग्रीक कॅथलिक त्या वाटेने गेले. लेव्हिट स्ट्रीटवरचं होली ट्रिनिटी (१९०३, वास्तुविशारद लुई सलिव्हन) याच पार्श्वभूमीवर उभं राहिलं. बांधकामाला झार निकोलस दुसरा याने पैसे दिले, तेव्हा पाटी रशियन लागणारच. पण त्या बाकांवर बसणारे सगळे रशियातून आले होते असं माहितीपत्रकात लिहू नका. त्यात कार्पेथियन आणि गॅलिशियाचे लोक बरेच होते.

ही फाटाफूट डोळ्यांसमोर असताना १९०५ च्या अखेरीस उरलेल्या ग्रीक कॅथलिकांनी सभा घेतली आणि १९०६ मध्ये सेंट निकोलस पॅरिश (एका चर्चची स्थानिक मंडळी) सुरू झाली. त्यांच्या ठरावातली अट अख्ख्या इतिहासाची किल्ली आहे: मालमत्ता पॅरिशच्या नोंदणीकृत संस्थेच्याच नावावर राहील, आणि आपल्या धर्माचा व आपल्या विधीचा नसलेल्या कोणत्याही बिशपचा अधिकार चर्चवर किंवा पुरोहितावर चालणार नाही. ही अट किती धाडसाची होती ते कळायला शिकागोची पद्धत माहीत हवी. तिथे ‘कॅथलिक बिशप ऑफ शिकागो’ ही १८६१ पासून एकल निगम आहे, म्हणजे बिशपपद हीच कायद्याने व्यक्ती. पोलिश, आयरिश, जर्मन, कुणीही चर्च बांधलं की मालकी त्या नावावर जायची.

१९०७ मध्ये सोटर ओर्तिन्स्की हे अमेरिकेतले पहिले ग्रीक कॅथलिक बिशप आले. पण त्याच वर्षीच्या ‘एआ सेम्पर’ या रोमच्या पत्राने त्यांना लॅटिन बिशपांच्या अधीन ठेवलं. पूर्ण अधिकार मिळाले १९१३ मध्ये. सध्याच्या इमारतीची कोनशिलाही १९१३ चीच. एकामुळे दुसरं झालं असा दावा नको, पण दोन्ही तारखा शेजारी छापा.

पुढचं थोडक्यात. १९२४ मध्ये दोन बिशप अमेरिकेत पोचले, कॅथलिकांचे कोन्स्तांतिन बोहाचेव्स्की आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्सांचे इओआन तेओदोरोविच. बोहाचेव्स्की शिस्तीचे आणि रोमकडे कल असलेले. त्यांना कंटाळून जे बाहेर पडले त्यांना आता रशियन नसलेला ऑर्थोडॉक्स पर्याय समोर होता. ओकली आणि कॉर्टेझच्या कोपऱ्यावरचं सेंट व्होलोदिमिर त्या ऑर्थोडॉक्स परंपरेचं. दुसऱ्या महायुद्धानंतर विस्थापितांसाठीच्या १९४८ च्या कायद्याने शिकलेल्या, राजकीयदृष्ट्या जागृत लोकांची लाट आली. १९६१ मध्ये शिकागोला स्वतंत्र एपार्की (धर्मप्रांत) मिळाली, यारोस्लाव्ह गाब्रो पहिले बिशप झाले आणि सेंट निकोलस कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. उरलेल्या चर्चचा, म्हणजे दुसऱ्या युक्रेनियन कॅथलिक चर्चचा, जन्म त्यानंतरच्या भांडणातून. ते कॅलेंडरचं प्रकरण आहे, त्यावर इथलं कुणीतरी जास्त नीट लिहील.

---

जुनेनकाशे

प्रश्न २.

‘युक्रेनियन’ शब्दाने शोध घेऊन काही मिळणार नाही, तेव्हा तो शब्द रुळलेलाच नव्हता. इंग्रजी पेपरांत रूथेनियन, लिटल रशियन, रुसिन, ग्रीक कॅथलिक, युनिएट हे शब्द वापरून पाहा. नुसतं ‘ग्रीक चर्च’ असंही येतं, तेव्हा ग्रीसच्या लोकांच्या बातम्या गाळाव्या लागतात. सरकारी आगमन-नोंदीत १८९९ पासून ‘रूथेनियन (रुस्निएक)’ असा रकाना होता. इथल्या लोकांच्या मोठ्या विमा-संघटनेनेही ‘रूथेनियन’ सोडून ‘युक्रेनियन’ हे नाव १९१४ मध्ये घेतलं.

जनगणनेत तर एकच माणूस तीन देशांत जन्मतो. १९१० ला जन्मस्थान ऑस्ट्रिया, १९२० ला ऑस्ट्रिया, गॅलिशिया किंवा पोलंड, १९३० ला पोलंड. १९३० ला प्रगणकांना तेव्हाच्या सीमांप्रमाणे लिहायला सांगितलं होतं. त्यामुळे जन्मदेशाकडे न बघता मातृभाषेचा रकाना बघा. १९५० पर्यंतच्या याद्या खुल्या आहेत, त्यानंतरच्या ७२ वर्षांच्या नियमात अडकल्या आहेत.

आता कागद, ज्या क्रमाने उपयोगी पडतील त्या क्रमाने.

संस्थेची नोंद. इलिनॉयमध्ये धार्मिक संस्था काउंटीच्या रेकॉर्डरकडे प्रतिज्ञापत्र देऊन नोंदवतात, त्यामुळे स्प्रिंगफिल्डला राज्याच्या दप्तरात शोधत बसू नका. कूक काउंटीचं रेकॉर्डर कार्यालय डिसेंबर २०२० मध्ये काउंटी क्लार्कमध्ये विलीन झालं, जुन्या लेखांमधला पत्ता धरू नका.

खरेदीखत. तिथे पत्त्यावरून शोध चालत नाही. सबडिव्हिजन, ब्लॉक आणि लॉट लागतो. आधी कर-नोंदीतला १४ अंकी मालमत्ता क्रमांक काढा, त्यावरून जमिनीचं वर्णन मिळवा, मग ट्रॅक्ट बुकात त्या लॉटचं पान. त्या पानावर व्यवहार तारखेने एकाखाली एक असतात. ‘घेणारा’ या रकान्यात संस्था, विश्वस्त की बिशप, आणि ते नाव कुठल्या वर्षी बदललं, हे टिपा. वर दस्तऐवजींनी सांगितलेला सगळा वाद त्या एका रकान्यात दिसतो. गहाणखतंही त्याच पानावर मिळतात, आणि चर्च कुणाच्या पैशावर उभं राहिलं ते त्यावरून कळतं.

पत्ते. इथे सगळे ठेचकाळतात. १ सप्टेंबर १९०९ ला शिकागोने घरांचे क्रमांक नव्याने दिले. शून्य स्टेट आणि मॅडिसनच्या चौकात, दर मैलाला ८०० क्रमांक. १९०९ च्या आधीचा क्रमांक आजच्या नकाशात टाकला की तुम्ही भलत्याच गल्लीत पोचता. जुन्या-नव्या क्रमांकांचे तक्ते १९०९ मध्येच छापले गेले, ते स्कॅन करून ठेवलेले आहेत. रस्त्यांची नावंही बदलली. आजचा डेमन अव्हेन्यू १९२७ पर्यंत रोबी स्ट्रीट होता, म्हणून जुन्या बातमीत ‘रोबीच्या पश्चिमेला’ असेल तर तो हाच भाग. आणखी एक: पॅरिशची पहिली जागा इथली नव्हतीच. सुरुवातीला त्यांनी पूर्वेकडे, सुपिरियर आणि बिशप रस्त्यांच्या कोपऱ्यावर, आधीच्या प्रोटेस्टंट मंडळीची इमारत घेतली होती. बिशप स्ट्रीट साधारण १४०० पश्चिमवर, ओकली २३०० वर. म्हणजे मैलभराहून जास्त अंतर. १९०६ ते १९१३ चं काहीही ओकलीच्या पत्त्यावर सापडणार नाही.

सॅनबोर्न विमा नकाशे. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा लाकूड, निळा दगड. आजूबाजूचे लॉट कधी भरले ते लगेच दिसतं. पण नंतरचे बदल वरून कागद चिकटवून दाखवलेले असतात, त्यामुळे शीर्षकावरच्या वर्षावर विसंबू नका, दुरुस्तीची तारीख बघा.

बांधकाम परवाने. १८७२ ते १९५४ ची नोंदवही मायक्रोफिल्मवर आहे, इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेच्या (यूआयसी) डेली ग्रंथालयात. आकारमान, अंदाजे खर्च आणि वास्तुविशारद एका ओळीत मिळतात. खर्चाचा आकडा हा अर्जातला अंदाज असतो, प्रत्यक्ष खर्च म्हणून छापू नका.

वर्तमानपत्रं. जर्सी सिटीत सुरू झालेलं युक्रेनियन पत्र ‘स्वोबोदा’ १८९३ पासूनचं, अंक स्कॅन केलेले आहेत. शब्दशोधावर भिस्त ठेवू नका. जुन्या लेखनपद्धतीतली अक्षरं यंत्राला ओळखता येत नाहीत. तारीख धरून अंक उघडा, शिकागोचं नाव सिरिलिकमध्ये डोळ्यांनी शोधा. देणगीदारांच्या याद्या बहुधा आतल्या पानांवर बारीक टाइपात. आणि भाषेची अडचण आहे म्हणता तर यापेक्षा सोपं: १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेखाली शिकागोतल्या परभाषी पेपरांतल्या मजकुराचा इंग्रजी अनुवाद करून घेतला गेला, त्यात युक्रेनियनही आहेत. न्यूबेरी ग्रंथालयाने तो खुला केलाय. सुरुवात तिथूनच करा.

मिनेसोटा विद्यापीठातलं स्थलांतर-इतिहासाचं अभिलेखागार (१९६५) युक्रेनियन संघटनांच्या कागदांसाठी मोठं आहे. पॅरिशच्या जयंती-स्मरणिका तिथे आणि शिकागोच्या युक्रेनियन राष्ट्रीय संग्रहालयात (१९५२) शोधता येतील. स्मरणिका फोटो, नावं आणि तारखांसाठी उत्तम. मात्र त्यात भांडणं नसतात. जिथे सलग दोन-तीन वर्षांवर एकच गोड परिच्छेद आहे, तिथे खरेदीखत आणि वर्तमानपत्र काढायचं.

---

पश्चिमवारा

दोघांचेही आभार. रोबी स्ट्रीटने आत्ताच एक कोडं सुटलं. एक पोटप्रश्न: काही सभासदांना आपापल्या शेजाऱ्यांचं मूळ गाव शोधायचंय, त्यासाठी चर्चची बाप्तिस्मा-वही हाच मार्ग आहे का? आणि कॅलेंडरचं कुणीतरी सांगा. एकाच पंथाच्या दोन चर्चांमध्ये नाताळ वेगळ्या दिवशी, हे गटातल्या लोकांना समजावणार कसं?

---

जुनेनकाशे

वही हा शेवटचा मार्ग. आधी नागरिकत्वाचे अर्ज बघा. २७ सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मगाव लिहिणं आलं, त्याआधीच्या अर्जांत बहुधा नुसता देश आणि ‘सम्राट फ्रांझ जोसेफची निष्ठा सोडतो’ एवढंच. नावं पोलिश वळणाने शोधा: श हा एस-झेड, च हा सी-झेड, व हा डब्ल्यू. पहिली नावंही फिरतात. गावातला वासिल, लॅटिन वहीत बासिलिउस, शिकागोत विल्यम नाहीतर चार्ल्स. गाव मिळालं की मूळ ग्रीक कॅथलिक नोंदवह्यांसाठी युक्रेनमधल्या ल्विव्ह शहराचं केंद्रीय ऐतिहासिक अभिलेखागार, फोंद (दप्तर) क्रमांक २०१. त्या वह्या लॅटिनमध्ये, घर क्रमांकासह. एकाच नावाचे चार इवान असतील तर घर क्रमांकावरूनच वेगळे काढता येतात.

पॅरिशकडे मागायचंच असेल तर लेखी, एका वेळी एका कुटुंबापुरतं, नाव आणि अंदाजे वर्ष देऊन. हयात माणसांच्या नोंदी मागू नका.

---

रविवारचीघंटा

कॅलेंडर. आधी गणित: ज्युलियन पंचांग १९०० पासून ग्रेगोरियनच्या १३ दिवस मागे आहे, म्हणून २५ डिसेंबर ७ जानेवारीला येतो. १९०० च्या फेब्रुवारीपर्यंत हा फरक १२ दिवसांचा होता आणि २१०० मध्ये तो १४ होईल. एकोणिसाव्या शतकातल्या तारखा बदलताना सवयीने १३ मिळवणारे भरपूर आहेत. ईस्टरचा हिशोब निराळा, तो चंद्रावर चालतो. २०२४ ला पश्चिमी ईस्टर ३१ मार्चला आणि ज्युलियन ५ मेला, तर २०२५ ला दोन्ही २० एप्रिललाच. त्यामुळे ‘सगळे सण १३ दिवसांनी’ हे वाक्य माहितीपत्रकात चुकीचं ठरेल.

पण १९६० च्या दशकात लोक भांडले ते गणितासाठी नाही. मार्च १९४६ मध्ये ल्विव्हला सोव्हिएत सत्तेने घडवून आणलेल्या तथाकथित धर्मसभेत ग्रीक कॅथलिक चर्च मोडून मॉस्कोच्या चर्चमध्ये विलीन केल्याचं जाहीर झालं. त्या चर्चचे प्रमुख योसिफ स्लिपी १९४५ पासून कैदेत, सुटले १९६३ ला. या काळात हे चर्च उघडपणे चालू होतं ते फक्त बाहेरदेशी. १९४८ नंतर शिकागोत आलेल्यांसाठी जुनी दिनदर्शिका आणि जुनी भाषा ही मागे बंद पाडलेल्या चर्चची शिल्लक होती. उलट १९०६ वाल्यांची नातवंडं इंग्रजी बोलणारी. कारखान्यात ७ जानेवारीला सुट्टी नाही, शाळा चालू. बिशप गाब्रो अमेरिकेतच जन्मलेले, त्यांनी ग्रेगोरियन दिनदर्शिका आणली. दोन्ही बाजूंना आपापलं कारण होतं, आणि कुणा एकाला खलनायक करणारं लिखाण मला तरी आळशी वाटतं.

विरोधकांनी १९६८ मध्ये संत व्होलोदिमिर आणि ओल्हा पॅरिश काढली. त्याच लोकांचा दुसरा आग्रह होता, स्लिपींना पात्रियार्कपद (स्वायत्त पूर्वेकडच्या चर्चच्या सर्वोच्च प्रमुखाचं पद) मिळावं. रोम ते देत नव्हतं. म्हणजे पुन्हा ‘आपला बिशप कोण’ हाच प्रश्न, फक्त एक पायरी वरचा. इमारत १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धातली, वास्तुविशारद यारोस्लाव्ह कोर्सुन्स्की. दर्शनी भिंतीवर ९८८ च्या कीवच्या बाप्तिस्म्याचं मोठं मोझेइक आहे.

आता गंमत अशी की १ सप्टेंबर २०२३ पासून खुद्द युक्रेनमध्ये ग्रीक कॅथलिक चर्चने ठरलेल्या तारखांचे सण नव्या दिनदर्शिकेवर नेले, नाताळ २५ डिसेंबरला. त्याच दिवशी युक्रेनच्या स्वतंत्र ऑर्थोडॉक्स चर्चनेही. या वेळी कारण मॉस्कोपासून फारकत. ईस्टर मात्र जुन्याच हिशोबाने राहिला. १९६८ ला जी दिनदर्शिका निष्ठेची खूण होती, तिचा अर्थ मायदेशात उलटा झाला. फेरफटका सणाच्या आसपास असेल तर ज्या त्या चर्चचं त्या आठवड्याचं पत्रक बघूनच वेळ ठरवा.

---

विटामाती

तिसऱ्या प्रश्नावर.

सेंट निकोलसचे वास्तुविशारद वर्थमन आणि स्टाइनबाख. ही जोडी शिकागोतल्या पोलिश कॅथलिक चर्चांसाठी जास्त ओळखली जाते, बकटाउनचं सेंट मेरी ऑफ द एंजल्स त्यांचंच. म्हणून कीवचं तंतोतंत रूप शोधू नका. शिकागोच्या मोठ्या विटांच्या चर्चचा सराव असलेल्या कार्यालयाने बायझंटाइन घुमटांची मागणी कशी बसवली, ते दाखवा. समोरच्या फुटपाथवरून सगळे घुमट एका नजरेत येत नाहीत. राइस स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून तिरकं बघावं. तेरा म्हणजे ख्रिस्त आणि बारा शिष्य. कीवच्या सोफियालाही मूळ तेराच. १९१५ च्या जानेवारीत, जुन्या नाताळाला, इथे पहिल्यांदा उपासना झाली.

फोटो निवडताना जपा. शिकागोतच, शहराच्या वायव्य टोकाला कम्बरलँड अव्हेन्यूवर, सेंट जोसेफ हे युक्रेनियन कॅथलिक चर्च आहे, त्यालाही तेरा घुमट, तेही सोनेरी. १९७० च्या दशकातली काचकाँक्रीटची इमारत. नुसतं ‘शिकागो, युक्रेनियन, तेरा घुमट’ एवढ्यावर चित्र उचललं की हे येतं.

क्रूसावरून पंथ ओळखू नका. खालची पट्टी तिरकी असलेला तीन पट्ट्यांचा क्रूस रशियन, युक्रेनियन, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स सगळेच वापरतात. पाटी वाचा. होली ट्रिनिटीचा अष्टकोनी घुमट आणि गिलावा बघून कुणी ‘हे युक्रेनियन बारोक’ म्हणालं तर थांबवा, सलिव्हनने नमुना रशियातल्या ग्रामीण चर्चांचा घेतला होता.

आत गेल्यावर भिंतींवरची चित्रं १९१५ ची समजू नका. १९७४ ते ७७ च्या नूतनीकरणात आतलं चित्रकाम बोरिस माकारेंको यांनी केलं. म्हणजे दुसऱ्या लाटेच्या लोकांनी पहिल्या लाटेच्या इमारतीला दिलेलं अंतरंग. इकोनोस्तासिस (वेदीसमोरची संतचित्रांची भिंत) दाखवताना क्रम सोपा आहे: मधल्या दारांच्या उजवीकडे ख्रिस्त, डावीकडे मारिया, आणि स्थानिक ओळीत ज्या संताच्या नावाचं चर्च तो. इथे संत निकोलस. मधल्या दारातून फक्त पुरोहितवर्ग जातो, फोटोसाठी गटातल्या कुणी त्या पायऱ्या चढू नयेत. उपासना चालू असेल तर मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद. इथे कम्युनियन (उपासनेतली पवित्र भाकरी-वाइन) कॅथलिक आणि पूर्वेकडच्या मान्य चर्चांच्या सभासदांसाठी असतं, हे निघण्याआधीच सांगून ठेवा, म्हणजे रांगेत गोंधळ होत नाही.

मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा: लेव्हिटवरचं होली ट्रिनिटी, कॉर्टेझला सेंट व्होलोदिमिर, राइसला सेंट निकोलस, मग शिकागो अव्हेन्यू ओलांडून सुपिरियरला व्होलोदिमिर आणि ओल्हा. १९०३ पासून १९७० च्या दशकापर्यंतचे फाटे साधारण याच ओळीत येतात, फक्त सेंट व्होलोदिमिर काळाच्या मानाने एक थांबा आधी लागतं. उलट चाललात तर दर ठिकाणी ‘याच्या आधी काय झालं’ हे सांगत बसावं लागेल. एक सूचना: सेंट व्होलोदिमिर नावाची दोन चर्च या मार्गावर आहेत, एक ऑर्थोडॉक्स, एक कॅथलिक. पत्रकात रस्त्याचं नाव जोडूनच लिहा, नाहीतर उशिरा येणारे चुकीच्या दारात उभे राहतील.

‘युक्रेनियन व्हिलेज’ हे नाव शहराने १९८३ मध्ये, महापौर जेन बर्न यांच्या काळात अधिकृत केलं. तोवर पहिल्या लाटेची मुलं उपनगरांत निघून गेलेली होती. वारसा-क्षेत्राचा दर्जा २००२ चा.

---

पश्चिमवारा

उत्तर-दक्षिण क्रम पक्का. पत्रकाचं पहिलं पान आता इमारतीऐवजी १९०५-०६ च्या त्या अटीने सुरू करतोय. एवढंच सांगा, ट्रॅक्ट बुक बघायला आधी वेळ घ्यावी लागते का?

---

जुनेनकाशे

जाण्याआधी फोन करून विचारा, जुने खंड सगळेच समोर ठेवलेले नसतात. लॉटचं वर्णन कागदावर लिहून न्या आणि प्रत मागताना दस्त क्रमांक द्या. वर्ष आणि नावावर शोधायला सांगितलंत तर एका नावाची पाच वेगवेगळी स्पेलिंग तुम्हालाच चाळावी लागतील. इंडेक्समध्ये संस्थेचं नाव ‘सेंट’खाली, ‘ग्रीक’खाली, ‘रूथेनियन’खाली आणि ‘ट्रस्टीज’खाली, चारही ठिकाणी बघा.